बंदुकीआधी काडतूस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी बंदुकांवर लेख आला. या विषयावर मराठीत फार कमी लिहिले जाते, त्यामुळे तो पाहून बरे वाटले. मात्र त्यातली दोन विधाने तशीच सोडून देता येत नाहीत. एक असे की, इंग्लंडने चाचण्या घेऊन सर्वांत जलद झडणारी बंदूक म्हणून मार्टिनी-हेन्री निवडली. दुसरे असे की, सुदानच्या वाळवंटात याच बंदुकीच्या सदोष यंत्रणेने सैनिकांचा घात केला. पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसरे चुकीचे. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे, ती म्हणजे त्या काळची सैन्ये बंदूक निवडत होती. आमच्या मते १८६६ ते १९०० या काळात खरी निवड व्हायची ती काडतुसाची. काडतूस ठरले की नळीचा व्यास, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा), मागचा ब्लॉक किंवा बोल्ट, शिपायाच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या पिशव्या, कारखान्यातली यंत्रे आणि गेज हे सगळे त्याच्या मागून येत असे. वागळे इस्टेटीत किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत, टूलरूममध्ये आयुष्य काढलेले आपले वाचक पुष्कळ आहेत. त्यांना हे चटकन पटेल, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

सुरुवात शाळेच्या पुस्तकापासून सर्वांना ठाऊक असलेल्या काडतुसापासूनच करू. १८५३ ची एन्फिल्ड ही तोंडाकडून भरायची, ०.५७७ इंच नळीची रायफल. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख म्हणून मागे उरतो आणि तो नळीतल्या पेचदार खाचांत बसतो. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीत गोळी सैल असे, त्यामुळे ही राख फारशी नडत नव्हती. खाचांच्या नळीत मात्र गोळी बेताची बसते, आणि काही बार झाल्यावर ती गजाने ठोकूनही खाली जाईना. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी लावायची, दुसरे टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची आणि मग कागदासकट गोळी दाबायची अशी पद्धत होती. चरबी यंत्राच्या गरजेपोटी आली होती. मेण आणि तेल वापरूनही काम भागले असते, दातांऐवजी बोटांनीही कागद फाटला असता, आणि पुढे तसे बदल केलेही गेले. पण आधी इशारा मिळालेला असतानाही ते काडतूस हिंदुस्थानात आले आणि १८५७ मध्ये काय झाले ते सांगायला नको. काडतुसाचा निर्णय किती दूरवर जातो याचे याहून मोठे उदाहरण जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि युरोपातले सारे युद्धखाते खडबडून जागे झाले. प्रशियाची ड्रायझे बंदूक तशी दोषांनी भरलेली होती. कागदी काडतुसातून लांब सुई आरपार जाऊन गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटकावर आदळायची. बार होताना ती सुई आगीतच असल्यामुळे ठिसूळ होऊन मोडायची, म्हणून शिपायाजवळ जादा सुया द्याव्या लागत. मागच्या सांध्यातून गरम वायू निसटायचा. लांब पल्ल्यावर ऑस्ट्रियाची तोंडाकडून भरायची लोरेन्झ सरस होती. पण प्रशियाचा शिपाई आडवा पडून बंदूक भरू शकत होता आणि ऑस्ट्रियाच्या शिपायाला भरण्यासाठी उभे राहावे लागत होते. एवढ्या एका फरकापुढे बाकीचे दोष कुणी मोजले नाहीत.

आता प्रश्न पैशांचा होता. प्रत्येक देशाच्या कोठारात लाखो तोंडभरू रायफली पडून होत्या. त्या फेकून देणे कुणालाच परवडणारे नव्हते, म्हणून इंग्लंडने जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची युक्ती घेतली. एन्फिल्डच्या नळीचा मागचा अडीच इंचांचा भाग कापायचा आणि तिथे उजवीकडे उघडणारा, बिजागरीवरचा ब्लॉक बसवायचा. इथे पाहण्यासारखी गोष्ट अशी की, पहिल्या काडतुसांनिशी ही स्नायडर नेमात कमी पडत होती. वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतल्या कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे नवे काडतूस केले, आणि तीच बंदूक मूळच्या एन्फिल्डपेक्षा अचूक ठरली. लोखंडात काही बदल नाही, फक्त आत घालायची वस्तू बदलली.

स्नायडर ही तात्पुरती सोय होती. कायमच्या बंदुकीसाठी ब्रिटिश युद्धखात्याने १८६६ च्या अखेरीस जाहीर स्पर्धा पुकारली. शंभरावर नमुने आले. समितीने ते तपासले आणि पहिले बक्षीस कुणालाच दिले नाही, कारण संपूर्ण बंदूक म्हणून एकही पसंत पडली नाही. मग तिने एक शहाणपणाचे काम केले. नळी, ब्रीचची (म्हणजे नळीच्या मागच्या, भरायच्या टोकाची) यंत्रणा आणि काडतूस या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायला घेतल्या. नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांची निवडली. तिला सात खाचा होत्या आणि २२ इंचांत एक फेरा होता. ब्रीच स्वित्झर्लंडमधल्या फ्रेडरिक फॉन मार्टिनी यांचे घेतले. त्यात खालचा लीव्हर ओढला की मागच्या बाजूला बिजागरी असलेला ब्लॉक पुढून खाली झुकतो, त्याच हालचालीत रिकामे काडतूस बाहेर येते आणि आतली सुई ताणली जाते. काडतूस बॉक्सर यांचेच. म्हणजे 'मार्टिनी-हेन्री' या नावात तिसऱ्याचे नाव नाही, आणि घोळ नेमका त्या तिसऱ्यात होता. बंदूक १८७१ मध्ये मंजूर झाली, पलटणींच्या हातात ती १८७४ पासून पडू लागली.

चाचणीत नेमके काय पाहिले जाई, हे लेखात आलेच नाही. जलद झाडण्याची चाचणी होती, पण बऱ्याच नमुन्यांत त्या बाबतीत फारसे अंतर नसे. लढाईत नेम धरून झाडणारा शिपाई तसाही त्या वेगाच्या जवळपास जात नाही. समित्यांना खरी काळजी होती ती बिघाडाची. याची सर्वांत स्पष्ट कल्पना अमेरिकन मंडळांच्या पद्धतीवरून येते. १८७२-७३ मध्ये जनरल टेरी यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळापुढे शंभराच्या आसपास बंदुका आल्या होत्या, आणि त्या सुमाराच्या मंडळांच्या चाचण्या साधारण अशा होत्या: न पुसता सलग पाचशे बार करायचे. बारीक वाळूची धूळ कोंडलेल्या पेटीत बंदूक ठेवून दोन मिनिटे भात्याने धूळ उडवायची आणि मग झाडायची. ब्रीच नवसागराच्या पाण्यात बुडवून काढायचे, दोन दिवस उघड्यावर गंजू द्यायचे आणि पुन्हा झाडायचे. (खाडीकाठी राहणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही ही चाचणी अनाठायी वाटणार नाही.) नेहमीपेक्षा जास्त दारू आणि शेवटी एकावर एक दोन गोळ्या भरून बार काढायचा.

आणि सर्वांत बोलकी चाचणी मुद्दाम बिघडवलेल्या काडतुसांची. एका काडतुसाच्या बुडावर कानशीने फुलीच्या आकारात घासून पत्रा फाटण्याइतका पातळ करायचा. दुसऱ्याच्या काठाला ठिकठिकाणी चिरा द्यायच्या. तिसऱ्याला बुडापासून तोंडापर्यंत उभा काप द्यायचा. ब्रीचवर कोरा पांढरा कागद पसरायचा, त्यावर बंदुकीचा क्रमांक लिहायचा आणि बार करायचा. कागद जिथे काळवंडला किंवा फाटला तिथून वायू निसटला, म्हणजे शिपायाचा डोळा त्या जागी असता तर गेला असता. काडतूस फुटणार हे गृहीत धरून बंदूक तपासली जात होती, हे त्या कागदावरून कळते.

पल्ल्याचे गणितही सोपे आहे आणि कुणालाही करून पाहता येईल. गोळी लक्ष्यापर्यंत जायला जेवढे सेकंद घेते त्यांचा वर्ग करून चारने गुणा, म्हणजे वाटेत ती नेमाच्या रेषेच्या वर जास्तीत जास्त किती फूट चढते ते अंदाजे मिळते. ५०० यार्डांसाठी स्नायडरची गोळी सुमारे १.७ सेकंद घेई, म्हणजे चढ बारा फुटांच्या आसपास. मार्टिनीला दीड सेकंदाहून किंचित कमी लागे, चढ आठ फूट. ०.३०३ ला सुमारे एक सेकंद, चढ चार फूट. याचा अर्थ असा की, मार्टिनीची नेमाची पट्टी ५०० यार्डांना लावलेली असताना शत्रू २५० यार्डांवर आला आणि नेम त्याच्या पायांशी धरला, तर गोळी त्याच्या डोक्यावरून दोन-अडीच फुटांनी जाते. ०.३०३ ची गोळी मात्र उभ्या माणसाला तरीही लागते. धावून येणाऱ्या फौजेसमोर अंतर ओळखण्यात शिपायाची शंभर-दीडशे यार्डांची चूक सहज होते. ती चूक पोटात घालणारे काडतूस सैन्याला हवे होते. जलद झडणाऱ्या बंदुकीपेक्षा सपाट जाणाऱ्या गोळीला समित्या इतके महत्त्व का देत, याचे उत्तर यात आहे.

आता सुदानकडे वळू. मार्टिनीचे पहिले ठरवलेले काडतूस लांब आणि सरळ होते. ते वाकायचे, म्हणून आखूड आणि बुडाशी रुंद केले. ०.५७७ च्या बुडावर ०.४५० ची मान, बाटलीसारखी. गोळी ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅम, आणि दारू ८५ ग्रेन. कवच मात्र स्नायडरच्याच पद्धतीचे ठेवले: कागदासारख्या पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी, आतून कागदाचे अस्तर आणि बुडाला वेगळी लोखंडी चकती. रिकामे कवच ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा दात धरतो तो या चकतीला. नळी थंड आणि स्वच्छ असताना सगळे ठीक चालते. सलग बार होऊन चेंबर तापले, आत राख साचली, वाळूचे कण शिरले, किंवा पिशवीत हेलकावे खाऊन पत्र्याला पोचे आले, की गुंडाळी चेंबरच्या भिंतीला चिकटते. शिपाई लीव्हर ओढतो, दात चकती उपटून बाहेर काढतो आणि पितळी नळकांडे आतच राहते. त्यावर दुसरे काडतूस बसत नाही. मग पुढून गज घालून ते ठोकून काढायचे, तेही शत्रू अंगावर आलेला असताना. जानेवारी १८८५ मध्ये सुदानमधल्या अबू क्लेआच्या लढाईत हेच झाले. ब्लॉक, सुई, स्प्रिंग यांपैकी काहीही निकामी झाले नव्हते. यंत्रणेचा दोष म्हणायचा तर एवढाच की लीव्हर आखूड होता आणि अडकलेले कवच उपसायला त्याची ताकद अपुरी पडायची. पुढच्या मार्क ४ मध्ये तो लांब केला.

खरा उपाय होता अखंड ओढीव पितळेचे कवच, म्हणजे एकाच चकतीवर टप्प्याटप्प्याने पंच मारून, मध्ये तापवून मऊ करत ओढून काढलेले. पितळेचा गुण असा की दाबाने ते फुगते, चेंबरला घट्ट बसून वायू अडवते आणि दाब ओसरला की किंचित आक्रसते. त्या केसभर आक्रसण्यावर बंदुकीचे सगळे चालणे अवलंबून असते. भिंती निमुळत्या ठेवल्या तर आणखी सोपे, कारण एकात एक अडकलेले निमुळते पेले जसे जरा हलताच सुटतात, तसे कवच पहिल्या हिसक्यालाच भिंतीपासून मोकळे होते. ओढीव कवच त्या वेळी अज्ञात नव्हते. पण गुंडाळीचे काडतूस स्वस्त आणि हलके पडायचे, आणि वुलिचमध्ये ते बनवण्याची सगळी यंत्रे आधीपासून उभी होती. काडतुसाची ही काटकसर सैनिकांच्या जिवावर बेतली, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुदाननंतर ओढीव पितळ सरसकट आले आणि तीच मार्टिनी पुढे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली.

अमेरिकेतही धडा तोच. तिथल्या १८७३ च्या स्प्रिंगफील्डचे (४०५ ग्रेन गोळी, ७० ग्रेन दारू) कवच सुरुवातीला तांब्याचे होते. तांबे फुगते पण पुरेसे आक्रसत नाही. शिवाय चामड्याच्या पट्ट्यात राहून त्याच्यावर हिरवा थर चढतो. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन अधिकारी कस्टर यांची तुकडी याच कारणाने कापली गेली, असे सर्रास सांगितले जाते. त्या मैदानात पुढे सापडलेल्या रिकाम्या कवचांपैकी फारच थोड्यांवर उपसून काढल्याचे ओरखडे आहेत, त्यामुळे पराभवाचे खापर त्यावर फोडता येत नाही. पण दोष खरा होता आणि अमेरिकन सैन्यही पितळेवर आले.

१८७७ मध्ये बल्गेरियातल्या प्लेव्हनाला तुर्कांनी लांबून अमेरिकेत बनलेल्या पीबॉडी-मार्टिनींचा आणि जवळ आल्यावर विंचेस्टर रिपीटरांचा मारा करून रशियन फौजेची दाणादाण उडवली. तेव्हापासून प्रत्येक सेनापतीला मॅगझिनची, म्हणजे एकदम अनेक काडतुसे साठवणारी, रायफल हवीशी झाली. अडचण पुन्हा काडतुसाचीच. विंचेस्टरचे काडतूस आखूड आणि दुबळे होते, त्यात २०० ग्रेनची गोळी आणि तीसही ग्रेन भरणार नाही एवढी दारू. पूर्ण ताकदीची लांब, जाड काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात भरली तर बंदूक तोंडाकडे जड होते, प्रत्येक बारानंतर तिचा तोल बदलतो आणि एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या कॅपवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, टेकलेले राहते. काडतूस बारीक झाल्याशिवाय मॅगझिनचा प्रश्न सुटणार नव्हता, आणि काळ्या दारूत बारीक काडतूस जमत नव्हते, कारण अरुंद नळी राखेने लगेच भरते.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि सारी गणिते बदलली. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी गोळीला कठीण धातूचे आवरण देण्याचे काम आधीच पुढे नेले होते. त्याच्याशिवाय वाढलेल्या वेगात उघडे शिसे खाचांत सोलवटून निघते. फ्रान्सचे युद्धमंत्री जनरल बूलांजे यांनी कमालीची घाई केली. जुन्या ११ मिमी ग्रास काडतुसाचे बूड तसेच ठेवून वरचा भाग दोनदा निमुळता करत ८ मिमीवर आणला, म्हणजे यंत्रे कमीत कमी बदलावी लागतील. १८८६ ची लेबेल रायफल अशी जन्मली. नळीखालच्या नळकांड्यात आठ काडतुसे, आणि कॅपवर टोक टेकू नये म्हणून गोळीचे नाक चपटे. जगातले पहिले धूररहित लष्करी काडतूस फ्रान्सला मिळाले खरे, पण जाड बुडाचे आणि तीव्र निमुळते ते कवच सरळ पेटीच्या मॅगझिनमध्ये नीट रचले जाईना. त्या घाईचा भुर्दंड फ्रेंच सैन्य पुढे कित्येक दशके भरत राहिले.

बाकीच्यांची त्रेधा उडाली. जर्मनीने नुकत्याच वाटलेल्या ११ मिमी, आठ काडतुसांच्या मॅगझिनच्या ७१/८४ मॉसर एकदम जुन्या ठरल्या. १८८८ मध्ये समितीने घाईने केलेल्या ८ मिमी बंदुकीत सुरुवातीला बरीच डोकेदुखी निघाली. इंग्लंडने ०.४०२ ची एन्फिल्ड-मार्टिनी हजारोंनी बनवली होती, ती वाटपाआधीच रद्द झाली. तुर्कांनी मात्र मॉसरशी १८८७ चा करार करताना दूरदृष्टी दाखवली. जर्मन सैन्याने याहून चांगली बंदूक घेतली तर आम्हालाही तीच मिळावी, असे कलम त्यांनी घातले आणि १८९० मध्ये त्याच कलमावर बोट ठेवून धूररहित ७.६५ मिमी मॉसर पदरात पाडून घेतली. आजच्या खरेदी अधिकाऱ्यांनीही हे कलम वाचावे.

इंग्लंडची डिसेंबर १८८८ ची ली-मेटफर्ड ही आपल्याला सर्वांत जवळची, कारण पोलिसांच्या खांद्यावर आपण पाहत आलो त्या 'थ्री नॉट थ्री'ची ती थेट पूर्वज. जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट आणि खालची सुटी पेटी, विल्यम मेटफर्ड यांची सात उथळ, गोलसर खाचांची नळी. या खाचा मुद्दाम उथळ होत्या, काळ्या दारूची राख कोपऱ्यात साचू नये म्हणून. कारण ०.३०३ चे पहिले काडतूस काळ्या दारूचेच होते. दाबून घट्ट केलेली, मधून भोक ठेवलेली दारूची वडी कवचात भरत. १८९१ मध्ये कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. शेवयांसारख्या त्याच्या काड्यांची जुडी कवचाची मान आवळण्याआधीच आत सारावी लागे, नंतर ती अरुंद मानेतून जात नाही. कॉर्डाइटला राख जवळजवळ नाही, पण त्याची आंच भयंकर. त्या आचेने मेटफर्डच्या उथळ खाचा झिजून गेल्या. मग १८९५ मध्ये पाच चौकोनी खोल खाचांची एन्फिल्ड नळी आली आणि नाव झाले ली-एन्फिल्ड. बंदुकीचे नावसुद्धा दारू बदलल्यामुळे बदलले.

शिपायाच्या अंगावरच्या ओझ्याचा हिशेबही यात आहे. मार्टिनीची सत्तर काडतुसे साडेतीन किलोच्या आसपास भरत, तेवढ्याच वजनात ०.३०३ ची सव्वाशे येतात. तरीही शिपाई काडतुसे उधळेल या धास्तीने मॅगझिनवर कट-ऑफची पट्टी बसवली होती. एकेक काडतूस हाताने घालायचे आणि पेटीतली आणीबाणीसाठी राखून ठेवायची, असा हुकूम. बोअर युद्धात समोरचा माणूस पाच काडतुसांची पट्टी मॉसरमध्ये एका दाबात भरत होता. तेव्हा हा हुकूम किती महागात पडला ते कळले आणि इंग्लंडने नंतरच्या ली-एन्फिल्डला पट्टीने भरायची सोय केली. अमेरिकेने १८९२ मध्ये ५३ नमुन्यांतून निवडलेल्या क्रॅगचीही गत तीच. तिची पेटी एकेक काडतुसाने भरावी लागे, आणि १८९८ मध्ये क्यूबात स्पॅनिश ७ मिमी मॉसरसमोर ती उघडी पडली.

हिंदी शिपायाला काय दिले गेले, याचा उल्लेखही लेखात हवा होता. १८५७ नंतर त्याच्या हाती खाचा नसलेल्या, ०.६५६ ला गुळगुळीत घासलेल्या एन्फिल्ड दिल्या. बाहेरून रायफलच दिसे, पण शंभर यार्डांपुढे भरवसा नाही. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर मिळाली, गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी. हे धोरण ठरवून राबवलेले होते. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदला जनरल बरोज यांच्या ब्रिगेडमध्ये ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी, तर मुंबई सैन्याच्या पहिल्या ग्रेनेडिअर्स आणि तिसाव्या जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर होत्या. एकाच फळीत दोन काडतुसे, एकमेकांना न चालणारी. सुमारे अडीच हजारांपैकी साडेनऊशेच्या वर माणसे त्या दिवशी मेली. अफगाणांचे संख्याबळ आणि तोफा, उघडी पडलेली बाजू आणि रणरणते ऊन ही पराभवाची मोठी कारणे होती. पण आठ फूट आणि बारा फूट चढाची दोन वेगळी काडतुसे एका रांगेत ठेवण्याचा निर्णय त्या मैदानावर झाला नव्हता, तो वीस वर्षे आधीपासून कागदावर होता.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल शेवटची विनंती. 'मार्टिनी-हेन्रीचे काडतूस, १८७९' म्हणून छापलेले काडतूस गुळगुळीत, अखंड, चकाकते पितळी आहे. १८७९ मध्ये झुलू युद्धात ब्रिटिश शिपायाने वापरलेले काडतूस तसे नव्हते. त्याच्या अंगावर पत्र्याच्या गुंडाळीची तिरपी कड स्पष्ट दिसते, बूड वेगळ्या रंगाचे आणि लोखंडी असल्याने त्याला लोहचुंबक चिकटते, आणि मानेजवळ पत्रा चुण्या पडल्यासारखा असतो. छापलेले काडतूस ओढीव पितळेचे, म्हणजे सुदाननंतर सरसकट झालेल्या प्रकारचे आहे. चित्राखालचे वर्ष दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपले,
जुन्या शस्त्रांचे काही अभ्यासक
नौपाडा, ठाणे (प.)